सांडशीतला वाडगा

मातीची भांडी करायच्या शिबिरातला भट्टीचा रविवार. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज आला. सुती कपडे घालून या, नायलॉन-टेरिकॉट नको, ओढणी नको, केस घट्ट बांधा, पायात बंद बूट पाहिजेत म्हणजे पाहिजेत. तरी सकाळी मळ्यावर अकरापैकी तिघं कोल्हापुरी घालून हजर. "चामडंच आहे की ताई, चामडं कुठं पेटतंय?" असा एकाचा युक्तिवाद. शिकवणाऱ्या ताईंनी वाद घातला नाही. मळ्याच्या मालकांच्या मुलाचे एनसीसीचे बूट एकाला बसले. उरलेल्या दोघांना त्यांनी सुतळी बांधून आखलेल्या रेषेपलीकडं उभं केलं आणि दिवसभर तिथंच ठेवलं. मला बरं वाटलं. माझी सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथवर गेलीत. सेफ्टीच्या बाबतीत गोड बोलणारा माणूस दिसला की मला धडकी भरते.

मळा गगनबावडा रस्त्याला, फुलेवाडी ओलांडून बालिंग्याच्या अलीकडं. बांधाला लागून गुऱ्हाळ. फेब्रुवारीचा दुसरा रविवार, गुऱ्हाळाचे शेवटशेवटचे दिवस, त्यामुळं हवेत आधीच धूर आणि काकवीचा वास. आमचा धूर त्यात खपून गेला, हा त्या जागेचा एक फायदा.

मी स्वतःहून इथं आलो नसतो. पैसे मुलीनं भरले. "पप्पा, तुम्ही रविवारी टीव्हीसमोर झोपता, त्यापेक्षा जावा." राकू म्हणजे काय हे मला आणि तिला, दोघांनाही माहीत नव्हतं. जपानी काहीतरी आहे आणि त्यात आग आहे, एवढं तिनं सांगितलं. आग म्हटल्यावर मी तयार झालो.

शिबिर दोन रविवारांचं होतं, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. पहिल्या रविवारी माती. चाक नाही. मी चाकाच्या आशेनं गेलो होतो, कारण फिरणाऱ्या वस्तूवर काम करणं हेच मला येतं. पण राकूचा वाडगा हातानं घडवायचा असतो, मातीचा गोळा तळव्यात घेऊन, अंगठा खुपसून, चिमटीनं दाबत दाबत भिंती वर आणायच्या. आमच्यापुढं आलेली माती खरखरीत होती, हाताला वाळू लागत होती. ती वाळू नव्हती. भाजलेल्या मातीचा चुरा होता. ताई त्याला ग्रॉग म्हणत होत्या. लालभडक भांडं भट्टीतून बाहेर काढून एकदम गार हवेत आणायचं, तर माती घट्ट आणि चिकट असून चालत नाही. चुऱ्यामुळं ती जरा मोकळी राहते, धक्का सोसते.

त्यावर कोपऱ्यात बसलेले मामा बोलले. हे मामा बापट कॅम्पातले कुंभार, गणपतीच्या सीझनला मूर्ती, एरवी माठ, संक्रांतीची सुगडं, बेंदराचे बैल. ताईंनी त्यांना माती मळायला म्हणून बोलावलं होतं. प्रत्यक्षात दोन्ही रविवारी सगळ्यात जास्त शिकवलं त्यांनी. "आम्ही घोड्याची लीद घालतोय, राख घालतोय. काम त्येच. माती गुदमराय नको."

घरून निघताना सवयीनं शर्टाच्या खिशात वर्नियर होता, जबड्यात धरून जाडी मोजायची पट्टी. तो बाहेर काढल्यावर जे व्हायचं ते झालं. बारावीतल्या दोन मुली खो खो हसल्या. ताईही म्हणाल्या, "काका, मोजू नका हो. माती काय म्हणते ते ऐका." माती काही म्हणत नव्हती. ओल्या मातीत वर्नियरचे जबडे रुततात, त्यामुळं शेवटी मी ताईंकडची सुई घेतली. भिंतीत सुई टोचायची, बोटानं खूण धरायची, बाहेर काढून मोजायची, भोक बुजवायचं. सगळीकडून सात मिलिमीटर. तळ आठ. यात पावणेदोन तास गेले. तेवढ्यात बाकीच्यांचे तीन-तीन नग झाले होते. मग राहिलेल्या मातीतून मी पण एक केलं, न मोजता, ताईंचं ऐकून, मन मोकळं सोडून. दहा मिनिटांत झालं. दिसायला पहिल्यापेक्षा चांगलं होतं, हे मान्य करतो. ऐटदार, किंचित तिरकं.

हात मातीत असताना ताईंनी राकूची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात क्योतोमध्ये सेन नो रिक्यू नावाचे चहाच्या विधीतले मोठे आचार्य होऊन गेले. चिनी बनावटीची गुळगुळीत, देखणी भांडी त्यांना चहासाठी नकोशी झाली. चोजिरो नावाच्या कारागिराकडून त्यांनी साधे, हातानं दाबून केलेले, काळे आणि लाल वाडगे घडवून घेतले. त्याच घराण्याला पुढं राकू हे नाव मिळालं. त्या अक्षराचा अर्थ आराम, सुख, आनंद असा काहीसा. ते घराणं आजही क्योतोत आहे, सोळावी पिढी हे काम करते.

इथपर्यंत सगळे भारावून ऐकत होते. मग ताई म्हणाल्या, "आता एक खरं सांगते. पुढच्या खेपेला आपण जे करणार आहोत, तसं ते करत नाहीत."

म्हणजे असं, की काळी राकू करताना जपानी कारागीर वाडगा धगधगता असतानाच सांडशीनं बाहेर काढतो आणि हवेत गार होऊ देतो. बस. डब्यात कोंडणं, भुसा, ज्वाळा, धूर, हा सगळा तमाशा अमेरिकेतला. १९६० च्या सुमारास पॉल सोल्डनर नावाच्या तिथल्या कुंभारानं तापलेलं भांडं झाडाच्या पाल्यात लोळवून बघितलं, काळी छटा आली, आणि पुढं जगभर शिबिरांतून राकू म्हणून हेच पसरलं. जाहिरातीत "जपानी राकू" लिहिलेलं होतं. मुलीनं त्यासाठी अडीच हजार भरले होते. पण ताईंनी हे न विचारता सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मामा मात्र अमेरिकेवर अडले. "ह्ये काळं करणं आम्ही बी करतोय की. आवा भाजून आला की वरनं ओला पाला आन् शेण टाकायचं, तोंडं बुजवायची. आतला धूर आतच. मडकं काळंशार निघतंय. माझा आज्जा करायचा. आता लोकास्नी लाल माठ पाहिजे."

शाळेत असताना आम्हाला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये नेलं होतं, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उकरलेल्या वस्तू बघायला. रोमन बनावटीचा पोसायडन देवाचा छोटा कांस्यपुतळा बघायला काचेपुढं झुंबड उडाली होती. मडकी पण होती. ती कुणी बघितली नाहीत, मीसुद्धा.

मधल्या दोन आठवड्यांत भांडी वाळली आणि ताईंनी आपल्या भट्टीत कच्ची भाजून आणली, साडेनऊशे अंशांपर्यंत, हळूहळू. मी हळू का म्हणून विचारलं. मातीत क्वार्ट्झ नावाचं खनिज असतं आणि ५७३ अंशांला त्याचं आकारमान एकदम बदलतं. तिथं घाई केली की भांडं तडकतं. हा आकडा मी लगेच वहीत लिहून घेतला. ऐकण्यासारखं माती काही म्हणत असेल तर ते हेच, असं मला वाटलं. भाजून आलेल्या माझ्या वाडग्याच्या भिंती साडेसहा भरल्या. माती आकसते. मामांनी तो डाव्या हातावर धरला, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, बाजारात माठ घेताना बायका मारतात तशी. टण्ण. "पक्का हाय." दुसऱ्याला मारली, कान जरा जवळ नेला, आणि काही न बोलता खाली ठेवला.

मग ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप. त्याच्या दोन बादल्या. एकीत पांढरं, चुन्याच्या निवळीसारखं. त्यात कथिलाचं ऑक्साइड. दुसरीत हिरवट करडं, त्यात तांब्याचं. ब्रशनं तीन हात द्यायचे. तळाला अजिबात लावायचं नाही, नाहीतर भट्टीतल्या फळीला चिकटतं. मी आतून पांढरं लावलं, बाहेरून तांब्याचं. दुसऱ्या, तिरक्या वाडग्याला सगळीकडून पांढरं.

भट्टी बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. दोनशे लिटरचा ऑइलचा बॅरल, उलटा, आतून सिरॅमिक फायबरची पांढरी गादी. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मित्राकडं हीच गादी बघितलीय. खाली विटांचा ओटा, त्यावर भांडी, आणि वरून हा बॅरल टोपीसारखा झाकायचा. दोन्ही बाजूंना लांब कड्या. दोघांनी धरून सरळ वर उचलायचा, तिरका नाही. खालून बर्नर, बाजूला एकोणीस किलोचा सिलिंडर. तापमान दाखवायला मीटर.

पहिल्या घाणीला पंचावन्न मिनिटं लागली. घाणी, म्हणजे भट्टीची एक खेप, हा शब्द मामांचा, गुऱ्हाळातून आलेला, आणि दुपारपर्यंत ताईसुद्धा तोच वापरायला लागल्या. मीटरवर नऊशे ऐंशी दिसत होतं, पण ताई मीटरवर जात नव्हत्या. वरच्या भोकातून गॉगल लावून आत बघायच्या. आम्हालाही एकेकाला दाखवलं. ग्लेझ आधी फसफसतं, खपल्या आल्यासारखं दिसतं, आणि वाटतं की बिघडलं. मग हळूहळू बसतं, आणि एकाएकी ओलं दिसायला लागतं. ताईंनी भोकातून लोखंडी सळई आत धरली. वाडग्याच्या पोटावर सळईचं प्रतिबिंब पडलं. "झालं."

इथून पुढं सगळं सेकंदांचं काम. कामं आधीच वाटून दिली होती आणि दोनदा गार भांड्यांवर सराव करून घेतला होता. बॅरल उचलायला दोघं. सांडशीवर एक. डब्यात जळण टाकायला एक. झाकणावर एक. पाणी आणि ओली पोती घेऊन एक. बाकीचे सुतळीमागं. बोलायचं फक्त सांडशीवाल्यानं.

माझ्या वाडग्याच्या वेळी सांडशी माझ्याकडं होती. लांब दांड्याची, उद्यमनगरातच करून घेतलेली. गॅस बंद. "उचल!" बॅरल वर गेला आणि तोंडावर जी धग आली तिनं मिशा आखडल्या. तापलेलं लोखंड मी रोज बघतो. लोखंड पृष्ठभागावर लाल असतं. हा वाडगा आतून पेटल्यासारखा होता, नारिंगी, आणि वरून कुणीतरी गरम काकवी ओतावी तसा ओला. कुठं धरावं हे कळेना. जोरात धरलं तर सांडशीचे ओठ ग्लेझमध्ये उमटणार, सैल धरलं तर खाली. मी काठाला धरला. उचलला. हवेतून नेताना, तीन पावलं असतील, काठावर बारीक टिक टिक सुरू झालेली मला हातातून जाणवली, दांड्यातून वर आली.

डबा म्हणजे झाकणाचा जाड पत्र्याचा ड्रम. ताई नेहमी लाकडाचा भुसा आणि रद्दी वापरतात. पण शेजारी गुऱ्हाळ असल्यावर चिपाडांचा ढीग फुकट. वाळून कडकडीत झालेला. मालक म्हणाले, आमची चिपाडं वापरून बघा. ताईंना मोह झाला. वाडगा आत ठेवताक्षणी चिपाडं फस्सकन् पेटली, ज्वाळा माझ्या छातीइतकी वर आली. चिपाड टाकणाऱ्यानं घाबरून एकदम दोन मुठी टाकल्या. "झाक!" झाकण बसलं, त्यावर ओली पोती, कडेनं वाळू. पिवळा, जाड, डोळ्यांत जाणारा धूर पोत्यांतून निघत राहिला.

आत काय होतं ते ताईंनी तिथंच, खोकत, सांगितलं. कोंडलेल्या आगीला हवा पुरत नाही, म्हणून ती ग्लेझमधल्या कॉपर ऑक्साइडचा ऑक्सिजन ओढून घेते. मागं उरतं तांबं. पांढऱ्या ग्लेझमध्ये तांबं नाही, पण गार होताना त्याला बारीक भेगा पडतात, धुरातला कोळसा त्यात शिरतो आणि काळं जाळं दिसतं. जिथं ग्लेझच नाही, तिथं उघडी माती काळी होते.

वीस मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात मालकांनी गुऱ्हाळातून रस आणला. आम्ही सगळे काजळ लागलेल्या हातांनी पेले धरून डब्याकडं बघत उभे.

दुसरी घाणी आठशे साठला अडकली. मीटर हलेना. सगळे बर्नरमध्ये वाकून बघायला लागले. मी सिलिंडरला हात लावला. खालचा अर्धा भाग बर्फासारखा, वर पांढरं दव साचलेलं. आतल्या द्रव गॅसची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्याच पत्र्यातून घेतो. एकसारखा भरपूर गॅस ओढला की सिलिंडर गारठतो आणि दाब पडतो. एकजण उकळतं पाणी ओता म्हणाला, त्याला ताईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी, त्यात सिलिंडर उभा. दहा मिनिटांत मीटर सरकायला लागला. बारावीतल्या मुलींपैकी एक म्हणाली, "काका, भारी!" वर्नियरचा हिशेब तिथं चुकता झाला असं मी धरून चाललो.

या घाणीत माझा तिरका वाडगा होता. त्याला सांडशीवर दुसरं कुणीतरी होतं, काम चोख झालं. डब्यातून काढला तेव्हा तो फारच सुंदर होता. पांढऱ्यावर काळं जाळं, एका बाजूला दाट, एका बाजूला विरळ. ताई म्हणाल्या, अजून गरम आहे, जरा राहू द्या. मी ऐकलं नाही. इतरांचे पाण्यात बुडवताना बघितले होते, तसा मीही बादलीत सोडला. ठप्प असा आवाज आला. बाहेर काढला तर तळातून काठापर्यंत उभी चीर. हातात घेऊन दाबला आणि दोन तुकडे झाले. तुटलेल्या कडेला वर्नियर लावला. भिंत सहा, तळ चौदा. बाहेरचं गार झालं, आतला जाड गोळा तसाच गरम. मामांनी टिचकी मारून कान जवळ का नेला होता ते तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही भाजला नसता."

"मन मोकळं सोडा" याबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कडक झालंय. रंग कसा येईल हे कुणाच्या हातात नाही, खरंय. पण जाडी हातात असते.

मोजलेला वाडगा शाबूत निघाला. पहिल्यांदा डब्यातून काढला तेव्हा तो नुसता काजळीचा गोळा होता. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर घेऊन हापशावर बसलो. चिपाडांमुळं काय झालं ते घासताना दिसायला लागलं. एका अंगाला तांबं उतरलं होतं, नव्या तांब्याच्या घंगाळासारखं, कडेला जांभळट. दुसऱ्या अंगाला मळका हिरवा, तळ्यातल्या शेवाळाचा. मामा शेजारी बसून बघत होते. "चिपाड भडकतंय. भुसा धुमसतोय. तुला धूर पाहिजे तर धुमसणारं घे." पुढच्या घाणीपासून ताईंनी खाली भुसा आणि वर थोडंसं चिपाड असं केलं, आणि त्यातली तांब्याची भांडी चारी बाजूंनी लाल निघाली. एकसारखी. माझ्या डोळ्यांना ती चांगली दिसायला पाहिजे होती. उद्यमनगरात अर्ध्या बाजूचं फिनिश गेलेल्या जॉबला लाल पेंट मारून बाजूला ठेवतात. पण त्या लाल भांड्यांच्या रांगेत मी माझा वाडगा ठेवला आणि पुन्हा उचलून घेतला.

घरी आईनं तो हातात घेतला, वजन बघितलं, फिरवला. पहिला प्रश्न, "यात दही लागेल का?" लागणार नाही. माती पूर्ण पिकलेली नसते, पाणी झिरपतं, ग्लेझला भेगा असतात, वर तांबं. खायचं-प्यायचं काही ठेवायचं नाही असं ताईंनी चारदा बजावलं होतं. "मग वाडगा कशाला म्हणायचा?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तांब्याचा रंग पण हळूहळू उतरेल, हवेनं पुन्हा काळपट-हिरवा होईल, उन्हात ठेवू नका, असंही सांगितलेलं. ते मी आईला सांगितलं नाही. तिनं त्यात देवापुढची सुट्टी नाणी ठेवली आणि देवघराच्या फळीवर सारला.

त्या रात्री साडेअकराच्या सुमाराला देवघरातून बारीक आवाज आला. टिक. भट्टीतून काढल्याला आठ-नऊ तास होऊन गेले होते, तरी आतलं पांढरं ग्लेझ अजून तडकत होतं. ताई म्हणाल्या होत्या, पुढचे काही दिवस मधूनच ऐकू येईल.

आई अंधारात जागी होती. तिला वाटलं पाल चुकचुकली. तिनं बोटानं खाटेच्या लाकडावर तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, "कृष्ण कृष्ण."